‘फायर’ म्हणजे नेहमी आग नव्हे: इंग्रजी वाक्प्रचारांतला विस्तव ओळखायचा कसा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही हिंगोलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करताय, ‘फायर’ शब्द असलेले 40 इंग्रजी वाक्प्रचार अर्थासकट पाठ केलेत, तरी भाषांतरात गुण जातात. नमुन्याला तुम्ही हे वाक्य दिलंय: ‘द ऑफिसर्स केम अंडर फायर ओव्हर द फायर ॲट द जिनिंग मिल, बट द इन्क्वायरी इज स्टिल हँगिंग फायर.’ तुम्ही त्याचं मराठी केलंत, ‘जिनिंगमधल्या आगीमुळे अधिकारी आगीत सापडले, पण चौकशी अजून आगीत लटकली आहे.’ आणि विचारलंत की कुठे शब्दशः अर्थ घ्यायचा आणि कुठे लाक्षणिक, याची काही खूण असते का.

खूण असते. मी परभणीत 24 वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते, आणि हीच चूक दर वर्षी वहीत बघते. पण माझ्या मते तुमची खरी अडचण शब्दशः की लाक्षणिक ही नाहीच, ती त्याच्या एक पायरी आधी आहे. तुम्ही ‘फायर’ वाचलं की मनात लगेच ‘आग’ म्हणता, आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते.

आपल्याकडे आगीला किती शब्द आहेत बघा. चुलीत असतो तो विस्तव, आपल्या भागात इस्तू. ज्वाळा निघतात तो जाळ. लाकूड जळून लाल कोळसा उरतो तो निखारा, गोवऱ्यांचा होतो तो आर. वरून राख दिसते आणि आत धग असते तो फुफाटा. अंग शेकायला शेकोटी, हुरडा भाजायला आगटी, रानात लागतो तो वणवा. ‘आग’ आपण बहुतेक वेळा नुकसानीलाच म्हणतो, ‘आग लागली’ असं. पोरीला शेजारी पाठवताना आई ‘आग घेऊन ये’ म्हणत नाही, ‘इस्तू घेऊन ये’ म्हणते. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द चालतो. शिवाय बंदूक-तोफेचा बार, त्यालाही ‘फायर’च. म्हणून इंग्रजी वाक्प्रचार समोर आला की आधी विचारायचं, हे ‘फायर’ कुठल्या घरचं? चुलीचं, जळिताचं की बंदुकीचं? ते चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की लाक्षणिक अर्थ बहुधा आपोआप लागतो.

आता खूण सांगते. पुस्तकात मला ती कुठे अशी मांडलेली दिसली नाही, फळ्यावर वाक्यं लिहिता लिहिता लक्षात आली. ‘फायर’च्या आधी ‘द’ आहे का बघा. ‘आयर्न्स इन द फायर’, ‘फॅट इज इन द फायर’, ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन इन्टू द फायर’, ‘ॲड फ्युएल टू द फायर’, ‘फीट टू द फायर’. इथे ‘द’ आहे, म्हणजे घरातला किंवा भट्टीतला ठरावीक विस्तव. ‘द’ नाही आणि आधी ‘अंडर’, ‘ओपन’, ‘होल्ड’, ‘हँग’, ‘ड्रॉ’, ‘लाइन ऑफ’ असा शब्द आहे, म्हणजे बंदूक. ‘द’ नाही आणि ‘ऑन फायर’, ‘कॅच फायर’, ‘सेट फायर टू’ असं आहे, म्हणजे जळीत. ‘प्ले विथ फायर’ आणि ‘फाइट फायर विथ फायर’ यांत अग्नी हा पदार्थ म्हणून येतो, ते या खुणेत नीट बसत नाहीत, ते वेगळे लक्षात ठेवा. पण 40 पैकी बरेचसे या एका चाळणीतून वेगळे होतील.

तुमच्याच वाक्यात बघा. ‘अंडर फायर’ला ‘द’ नाही, बंदूक. ‘ओव्हर द फायर’ला ‘द’ आहे आणि पुढे जागा सांगितलीय, ‘ॲट द जिनिंग मिल’. ती खरीच आग. ‘हँगिंग फायर’ला ‘द’ नाही, पुन्हा बंदूक. एका ओळीत तीनदा तोच शब्द, आणि तिन्हींना ‘आग’ म्हणून चालत नाही.

चुलीच्या घरापासून सुरुवात करते, कारण तिथे आपलं नि इंग्रजीचं सगळ्यात जास्त जमतं आणि म्हणूनच तिथे माणूस बेसावध राहतो. ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन इन्टू द फायर’ म्हणजे ‘आगीतून फुफाट्यात’, हे सगळ्यांना पाठ असतं आणि ते बरोबरही आहे. पण दोन्ही चित्रं सारखी नाहीत. इंग्रजी माणूस तापलेल्या कढईतून उडी मारतो आणि खालच्या उघड्या जाळात पडतो. त्याचं संकट डोळ्यांना दिसेल असं वाढतं. आपल्या म्हणीत माणूस जाळातून निघतो आणि जिथे आग दिसतच नाही तिथे पाय ठेवतो.

हा फरक मला आगटीपाशी कळला. माझं गाव सेलूजवळ. लहानपणी गुळभेंडीचा हुरडा निघाला की रानातच बांधाला आगटी करायचे. खड्ड्यात गोवऱ्या पेटवायच्या, धूर आणि जाळ ओसरू द्यायचा, मग आरात कणसं खुपसायची. थोड्या वेळानं वर पांढरी राख येते आणि आगटी विझल्यासारखी दिसते. माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा असेल. जाळ होता तोवर तो लांब उभा होता. राख दिसल्यावर कणीस काढायला त्यानं मनगटापर्यंत हात घातला. आजीनं त्याचा हात माठातल्या पाण्यात धरून ठेवला आणि एवढंच म्हणाली, ‘जाळाला भ्याला अन् फुफाट्यात गेला.’ वर्गात ही म्हण शिकवताना मी आजही हेच सांगते. भाषांतर करताना म्हणीला म्हण द्या, पण नवं संकट जुन्यापेक्षा मोठं दिसतंय की सुटल्यासारखं वाटत असताना लपून बसलेलं आहे, हे वाक्य वाचून ठरवा. लपलेलं असेल तर आपली म्हण इंग्रजीपेक्षाही चपखल बसते.

‘टू मेनी आयर्न्स इन द फायर’ लोहाराच्या भट्टीतून आलाय. बाजारच्या दिवशी लोहारापुढे फाळ, विळे, कुऱ्हाडी यांचा ढीग पडतो. त्यानं एकाच वेळी पाच-सहा नग भट्टीत घातले, तर एक ऐरणीवर घेऊन ठोकेपर्यंत दुसरा प्रमाणाबाहेर तापतो. लोखंड फार तापलं की त्यातून ठिणग्या उडायला लागतात आणि तो तुकडा वाया जातो. हाच लाक्षणिक अर्थ: एकाच वेळी इतकी कामं हाती घेणं की एकही धड होत नाही. मराठीत ‘एक ना धड भाराभर चिंध्या’. पण नुसतं ‘सेव्हरल आयर्न्स इन द फायर’ असेल तर त्यात दोष नाही, दोन-चार ठिकाणी प्रयत्न चालू आहेत एवढंच. ‘टू मेनी’ हे दोन शब्द अर्थ फिरवतात आणि परीक्षक नेमके तेच विचारतात. ‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’सुद्धा याच भट्टीतला. 14व्या शतकात इंग्रजी कवी चॉसरच्या लिखाणात तो सापडतो, इतका जुना आहे.

‘ॲड फ्युएल टू द फायर’ला आगीत तेल ओतणे. तिथे प्रश्नच नाही. ‘द फॅट इज इन द फायर’ मात्र मुलं त्याच्याच शेजारी बसवतात, कारण तेलही चरबीच. ते चुकतं. तेल ओततो तो मुद्दाम ओततो. ‘फॅट इज इन द फायर’मध्ये भाजताना चरबी विस्तवात सांडून गेलीय, आता भडका उडणार, कुणाच्या हातात काही उरलेलं नाही. ‘होल्ड समवन्स फीट टू द फायर’ म्हणजे दिलेला शब्द पाळेपर्यंत एखाद्याला सोडायचं नाही. कबुली काढण्यासाठी पाय विस्तवाजवळ धरायचे, त्या छळाचं हे चित्र. आपण ‘धारेवर धरणे’ म्हणतो. त्यांच्याकडे विस्तव आहे, आपल्याकडे शस्त्राची धार, काम एकच. ‘नो स्मोक विदाउट फायर’बद्दल फार सांगत नाही. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे हे अनुमान आपल्या न्यायशास्त्रात पहिल्या धड्यालाच येतं. फरक इतकाच की तिथे ते तर्काचं उदाहरण आहे, आणि इंग्रजी वाक्प्रचार अफवेबद्दल बोलतो.

आता बंदुकीचं घर. तुमच्यासारख्या हुशार मुलांचे सगळ्यात जास्त गुण इथेच जातात, म्हणून थोडं थांबून सांगते. मी मुलांना सहलीला देवगिरीला घेऊन जाते तेव्हा मेंढा तोफेपाशी आवर्जून उभं करते. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं कोरलेलं आहे, फोटो सगळे त्याचे काढतात. मी दाखवते ते तोफेच्या पाठीवरचं बारीक छिद्र. नळीत दारू आणि गोळा ठासायचा, त्या छिद्रावर थोडी बारीक दारू ठेवायची, जिला रंजक म्हणत, आणि तिला बत्ती द्यायची. ठिणगी छिद्रातून आत गेली की बार होतो. जुन्या चकमकीच्या बंदुकीत हीच बारीक दारू नळीच्या बाजूला असलेल्या छोट्या वाटीत ठेवत. त्या वाटीला इंग्रजीत ‘पॅन’ म्हणतात.

म्हणजे ‘फ्लॅश इन द पॅन’मधलं पॅन स्वयंपाकघरातलं नाही. वाटीतली दारू भपकन पेटली, उजेड पडला, पण ठिणगी आत गेलीच नाही, गोळी सुटलीच नाही. लाक्षणिक अर्थ: एकदाच चमकलं, पुढे काही नाही. एखाद्या नवख्या खेळाडूनं एका सामन्यात शतक ठोकलं आणि नंतर वर्षभर दिसलाच नाही, तर त्याचं ते शतक ‘फ्लॅश इन द पॅन’. मुलं याला ‘फुसका बार’ म्हणतात. जवळ जातं, पण फुसक्या बारात सुरुवातीपासूनच फजिती असते. इथे आधी खरीखुरी चमक दिसलेली असते. मी ‘क्षणभराची चमक’ पसंत करते.

‘हँग फायर’ याचाच भाऊ. बत्ती दिली, रंजक पेटली, पण बार होत नाही. आत ठिणगी धुमसत असेल तर केव्हाही होईल, म्हणून कुणी तोफेसमोर जात नाही, सगळे थांबतात. काम सुरू झालंय पण निकाल लागत नाही, यासाठी हा वाक्प्रचार येतो. त्याला मराठीत ‘रखडणे’. ‘बारगळणे’ लिहू नका. बारगळलं म्हणजे फिसकटलं, संपलं. ‘हँग फायर’मध्ये अजून काही तरी होऊ शकतं. तुमच्या वाक्यात हाच फरक मोलाचा आहे, कारण चौकशी बंद झालेली नाही.

‘अंडर फायर’ म्हणजे शब्दशः शत्रूच्या गोळीबाराखाली, आणि लाक्षणिक अर्थानं चहूकडून टीका होत असणं. गंमत वाटावी इतकं आपलं इथे जुळतं. ‘टीकेचा भडिमार’ म्हणतो तेव्हा भडिमार तोफांचाच. ‘प्रश्नांची सरबत्ती’ म्हणतो ती सरबत्तीही तोफा-बंदुकांचीच, आणि इंग्रजीत तिलाच ‘रॅपिड फायर’ प्रश्न म्हणतात. ‘विरोधकांनी तोफ डागली’ हे तर रोजच्या पेपरात येतं. म्हणून या घरच्या वाक्प्रचारांना मराठी शोधताना आगीकडे जाऊच नका, तोफखान्याकडे जा. शब्द तिथे तयार ठेवलेले आहेत.

‘ही वॉज फायर्ड’ हेही बंदुकीच्याच बाजूचं. इंग्रजीत ‘डिस्चार्ज’ला दोन अर्थ आहेत, बंदूक झाडणं आणि कामावरून मोकळं करणं. अमेरिकेत 19व्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावरच्या शब्दखेळातून ‘फायर्ड’ रूढ झालं. मराठीत ‘कामावरून काढून टाकलं’. बोलताना ‘नारळ दिला’. मात्र ‘द गार्ड फायर्ड’ आणि ‘द गार्ड वॉज फायर्ड’ यांत गोळी कुणी झाडली आणि नोकरी कुणाची गेली, हे एका ‘वॉज’वर ठरतं. तो शब्द वाचायचा सोडू नका.

जळिताच्या घरात मी स्वतः चुकले आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वर्गात ‘दे गॉट ऑन लाइक अ हाउस ऑन फायर’चा अर्थ मी ‘त्यांचं कडाक्याचं भांडण झालं’ असा सांगितला. घराला आग म्हणजे दुसरं काय, असंच मला वाटलं, आणि कोश उघडला नाही. एका मुलीनं तो अर्थ बाहेरच्या एका परीक्षेत लिहिला आणि तिचे दोन गुण गेले. ती मला काही बोलली नाही. तिनं पेपर दाखवला, मी माफी मागितली, आणि तेव्हापासून एकही वाक्प्रचार मी कोशात न बघता फळ्यावर लिहीत नाही. खरा अर्थ नेमका उलटा आहे: भेटल्याबरोबर दोघांचं छान जमलं. चित्रात नुकसान महत्त्वाचं नाही, वेग महत्त्वाचा आहे. लाकडाचं, गवताच्या छपराचं घर जितक्या भराभर पेट घेतं, तितक्या भराभर मैत्री झाली.

आपल्याकडे याच्या अगदी उलट चित्र आहे. ज्यांचं पटत नाही त्यांच्यात ‘विस्तव जात नाही’ असं आपण म्हणतो. काड्यापेटी जपून वापरायच्या दिवसांत सकाळी एका घरची चूल पेटली की शेजारची पोर गोवरीचा तुकडा घेऊन यायची, त्यावर निखारा ठेवून फुंकत फुंकत घरी न्यायची. मी स्वतः असा इस्तू आणलाय. एवढी साधी देवाणघेवाणही ज्या दोन घरांत बंद पडली, त्यांचं वैर किती असेल! म्हणजे मराठीत मैत्री असली की विस्तव जातो आणि वैर असलं की जात नाही. हे एक चित्र पक्कं केलंत तर ‘हाउस ऑन फायर’ पुन्हा चुकणार नाही.

‘सेट द थेम्स ऑन फायर’ बहुधा नकारातच येतो. नदीच्या पाण्याला आग लावणं अशक्य, म्हणून ‘तो काही थेम्सला आग लावणार नाही’ म्हणजे तो काही फार मोठा पराक्रम करणार नाही, इतकंच. ‘फायर सेल’ व्यापारातला. दुकान-गोदामाला आग लागल्यावर धुरानं खराब झालेला, अर्धवट जळालेला माल मिळेल त्या भावाला काढत, ती ही विक्री. आता कुठेही न जळता, पैशाच्या अडचणीपायी मालमत्ता मातीमोल भावाने विकली तरी तेच म्हणतात.

‘फाइट फायर विथ फायर’ समजायचा असेल तर किनवट-माहूरच्या सागवानी जंगलाकडे बघा. तिथे उन्हाळ्यात वणव्याची भीती असते, म्हणून वन खात्याची माणसं आधीच पट्टे जाळून काढतात. त्यांना जाळरेषा म्हणतात. पुढे वणवा आलाच तर त्या पट्ट्यावर त्याला खायला काही मिळत नाही आणि तो तिथेच थांबतो. प्रतिस्पर्ध्याचंच हत्यार वापरून त्याला थोपवणं हा लाक्षणिक अर्थ. ‘काट्याने काटा काढणे’ इथे बसतं. ‘जशास तसे’ मला इतकं पटत नाही, त्यात सूड आहे आणि इथे बचाव आहे.

शेवटी दोन फसव्या जोड्या, ज्या या तीन घरांच्या चाळणीतून सुटतात. ‘फायर इन द बेली’ आणि ‘पोटात आग पडणे’. आपली आग भुकेची, इंग्रजीतली काही करून दाखवण्याच्या जिद्दीची. दुसरी जोडी ‘बॅप्टिझम ऑफ फायर’ आणि ‘अग्निपरीक्षा’. अग्निपरीक्षेत सीतेसारखं आपलं खरेपण सिद्ध करावं लागतं. ‘बॅप्टिझम ऑफ फायर’ मुळात बायबलमधला, मग सैनिकाच्या पहिल्या लढाईला लागू झाला, आणि आता कुठल्याही कामातल्या पहिल्याच खडतर अनुभवाला. नव्या डॉक्टरची पहिलीच रात्रपाळी आणि त्याच रात्री मोठा अपघात, हे ‘बॅप्टिझम ऑफ फायर’. त्याला अग्निपरीक्षा म्हटलं तर त्या डॉक्टरवर कुणाचा तरी संशय होता असं वाटेल.

काही गोष्टी मात्र प्रसंगावरच ठरतात, तिथे कुठलाच नियम देता येत नाही. ‘ॲज अ बॉय ही प्लेड विथ फायर’ एवढंच वाक्य असेल तर पोरगा खरंच काड्या ओढत होता की धोका पत्करत होता, हे पुढचं वाक्य वाचल्याशिवाय मीही सांगू शकणार नाही. ‘द बॅट्समन इज ऑन फायर’मध्ये माणूस जळत नाही हे उघड आहे, पण मराठी काय करायचं हे कुणासाठी लिहिताय यावर आहे. क्रीडा पानावर ‘सुसाट सुटलाय’ चालेल, परीक्षेत ‘उत्तम फॉर्ममध्ये आहे’ लिहा. गोलंदाज असेल तर ‘आग ओकतोय’ही म्हणता येतं, मराठीत ते रुळलेलं आहे.

तुमची 40 ची यादी एका कोऱ्या पानावर पुन्हा लिहून काढा, पण अर्थानुसार नाही, चूल, जळीत आणि बंदूक असे तीन रकाने करून. प्रत्येकापुढे अर्थाच्या आधी चित्र लिहा: कोण, कशाशी, काय करतोय. जे कुठेच बसत नाहीत ते खाली वेगळे ठेवा, ते थोडेच असतील आणि तेवढेच पाठ करा. आणि तुमचं वाक्य मी असं केलं असतं: ‘जिनिंगला लागलेल्या आगीवरून अधिकाऱ्यांवर टीकेचा भडिमार झाला; चौकशी मात्र अजून रखडलेलीच आहे.’